कॅमेऱ्यामागचा आवाज

हसू नका, मित्रांनो. मी खेळणं नाही, की कुणाचा मोडका फोनही नाही. मी टेपवर चालणारा एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. माझ्या काचेवर ओरखडा आहे आणि झाकण रबर लावून बंद ठेवावं लागतं. पण अजून धुगधुगी आहे, म्हणून आज बोलून घेतो.

जन्म माझा कुठल्याशा परदेशी कारखान्यातला, पण मी स्वतःला तिरूरचाच समजतो. आमचे हंसाकोया शारजात एका बेकरीत पाव भाजायचे. त्यांनी मला तिथल्या दुकानातून उचललं, टॉवेलात गुंडाळलं आणि विमानात मांडीवर घेऊन केरळात आणलं. सामानात टाकलं नाही हो! घरी पोचल्यावर अत्तरं, साबण, खजूर राहिले बाजूला, सगळा शेजार आधी मलाच बघायला जमला.

काय थाट होता माझा! कुणाचा निकाह असो, ईदची पत्री, म्हणजे तांदळाची भाकरी, भाजणं असो, नाहीतर झाडावरून फणस उतरवणं असो, मी हवाच. हंसाकोया दर सुट्टीत चित्रण करायचे आणि करताना तोंड म्हणून बंद नसायचं.

"रुखिया, हस की जरा! दात दिसले तर काय कर भरावा लागतो?" हे बायकोला.

"शमला, बोट तोंडातून काढ! तो काय फणसाचा गरा आहे?" हे इवल्या लेकीला.

मला ते दुसऱ्या कुणाच्या हाती देतच नसत. त्यामुळे त्यांचा चेहरा माझ्या एकाही टेपेत नाही. आवाज मात्र सगळाच्या सगळा माझ्याकडे होता.

पुढे खिशाखिशांत फोन आले आणि मी कपाटावर गेलो, गोधड्यांच्या मागे. राग आला मला, खोटं कशाला बोलू? पण खरं वाईट पुढेच घडलं. हंसाकोया कायमचे घरी आले ते घशाचा आजार घेऊन. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाज काढून घेतला. गळ्याला भोक राहिलं. त्यावर ते पांढरं फडकं बांधतात, आणि श्वास घेतला की बारीक शिट्टी वाजते. कुणाला बोलवायचं तर टाळी वाजवतात. एवढा बोलका माणूस, आणि टाळी!

शमलाची मुलगी नहला ही त्यानंतरची. ती त्या शिट्टीला घाबरायची. आजोबांनी बिस्किट पुढे केलं की हात लांब करून घ्यायची आणि धूम पळायची. हंसाकोया तसेच हात पुढे करून बसून राहत. कपाटावरून मला ते बघवत नसे.

शेवटी शमलाच आईला म्हणाली, "उम्मा, टेपांत उप्पांचा आवाज आहे ना? डीव्हीडी करून आणते. नहलाला कळू दे तिचे उप्पुप्पा कसे होते ते."

तिने मला आणि टेपांची पिशवी शशिधरनच्या स्टुडिओत नेली. हा गावातली लग्नं चित्रित करणारा. "शशिएट्टा, घरच्या टेपा आहेत, डीव्हीडी करून द्या," एवढंच ती म्हणाली. आवाजाचं सांगायचं तिला सुचलंच नाही. त्याने मला वायरींनी संगणकाला जोडलं. मी धापा टाकत एकेक टेप फिरवली, एकही अडकू दिली नाही.

डीव्हीडी घरी आली तेव्हा नेमका भंगारवाला दारात होता. "आता याचं काय काम?" म्हणत शमलाने मला त्याच्या पोत्यात टाकलं. बघा, झालं माझं काम! मी फुटक्या कुकरवर पडून आतला टीव्ही ऐकू लागलो. तर काय, नुसती गाणी! रुखिया हसत होती म्हणे, पण तिला हसवणारा कुठेच नव्हता.

शमलाने तिथल्या तिथे फोन लावला. शशिधरनचा आवाज फाटकापर्यंत आला. "अगं, मागे कुणीतरी सारखं बडबडत होतं. ते साफ केलं आणि मस्त गाणी टाकली. लग्नात तसंच करतो आम्ही."

"ते बडबडणारे माझे उप्पा होते!"

शशिधरन नरमून म्हणाला, "संगणकातलं मी पुसलंय. टेपा आहेत ना? कॅमेरा घेऊन ये, पुन्हा करू."

कॅमेरा! आणि मी तर भंगारवाल्याच्या सायकलवरून निघालोही होतो. हंसाकोया अनवाणीच धावले, एक चप्पल हातात, एक दारात. हाक मारणार कशी? टाळ्या वाजवल्या, पण भंगारवाला स्वतःच मोठ्याने ओरडत चाललेला. तेव्हा त्यांनी चप्पल भिरकावली ती बरोब्बर त्याच्या पाठीत.

"अहो, तोंड नाही का तुम्हाला?" तो उखडून वळला.

हंसाकोयांनी गळ्याचं फडकं बाजूला केलं. पोत्याकडे बोट दाखवलं. भंगारवाला वरमला. त्याने मला बाहेर काढलं, शर्टाने पुसलं, आणि चप्पल उचलून त्यांच्या पायाशी ठेवली.

या खेपेला शशिधरन हेडफोन कानाला लावून सगळं ऐकत बसला. "मी तर माणूसच कापून टाकला होता रे," तो माझ्याकडे बघून म्हणाला.

नव्या डीव्हीडीत गाणं एकही नव्हतं. "रुखिया, हस की जरा!" टीव्ही गरजला, आणि पिकल्या केसांची रुखिया डोक्यावरच्या तट्टमचं टोक तोंडावर धरून हसली, मग रडली. नहला बोट चोखत बघत होती. एवढ्यात तोच आवाज आला, "बोट तोंडातून काढ!"

पोरीने दचकून बोट काढलं. टीव्हीकडे बघितलं, मग खुर्चीकडे. आजोबांचे ओठ त्या आवाजाबरोबर हलत होते. ती हळूहळू त्यांच्या गुडघ्यापाशी गेली आणि ओलं बोट दाखवत म्हणाली, "काढलं, उप्पुप्पा."

मित्रांनो, टेपा कायम टिकत नाहीत, मीही टिकणार नाही. घरचे जुने व्हिडिओ डीव्हीडीवर जरूर घ्या. पण मागे कुणी बडबडत असेल, तर पुसण्याआधी एकदा घरात विचारा, हे बोलतंय कोण.