मोकळी सोडलेली ओळ

आमच्या कार्यालयात तिला सगळे मावशी म्हणतात. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे. पण हातात झाडू नाहीतर पाण्याचा जग असला की बाईचं वय आपोआप वाढतं. मी तिला अगं-तुगं करते, ती मला अहो बाई म्हणते. बारा वर्षांत यात काही गैर आहे असं दोघींनाही वाटलं नव्हतं.

बारा वर्षं ती रोजंदारीवर आहे. कागदावर तिला 'गरजेनुसार उपलब्ध मनुष्यबळ' म्हणतात. यंदा शिपायाची एक कायम जागा निघाली. पुढच्या वर्षी तिची वयोमर्यादा उलटणार होती, म्हणजे अर्ज करायचा तो याच वेळी.

अर्जाला अनुभवाचा दाखला लागतो. असे दाखले देणारं टेबल माझं, आणि आलेल्या अर्जांची छाननी करणारंही माझंच. एका हाताने द्यायचं, दुसऱ्या हाताने तपासायचं.

आता आमची एक रीत सांगते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला जावक रजिस्टरातला नंबर पडतो. त्या रजिस्टरात दिवस संपताना आम्ही दोन-तीन ओळी मोकळ्या सोडतो. उद्या साहेबांना वाटलं की अमुक पत्र कालच्या तारखेने जायला हवं होतं, तर सोय असावी म्हणून. हे कुठल्या नियमात नाही, पण नियमांपेक्षा जास्त पाळलं जातं.

मावशीचा दाखला मी टाइप केला, सही घेतली, शिक्का मारला. नंबर टाकायला रजिस्टर उघडलं तेवढ्यात साहेबांची बेल वाजली. मी म्हटलं, "आत्ता घेऊन जा. तुझ्यासाठी एक ओळ सोडलीय. उद्या आण, नंबर टाकून देते."

तिने दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घातला, हवा काढून.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नव्या खुर्चीची मागणी आदल्या दिवशीच्या तारखेने पाठवायला सांगितली. मोकळी ओळ होतीच. खुर्चीचं पत्र तिथे माझ्याच अक्षरात चढलं, आणि मावशीचा दाखला माझ्या डोक्यातून साफ उतरला.

महिन्याभराने छाननी. एका जागेला त्रेसष्ट अर्ज आणि प्रत्येक अर्जाला सतरा रकाने. समोर आमचे अधीक्षक बसले होते. ते रकाना वाचायचे, मी कागद बघून हो-नाही म्हणायचं.

"बावन्नावा अर्ज. रकाना नऊ. दाखल्यावर सक्षम अधिकाऱ्याची सही?"

"आहे."

"शिक्का?"

"आहे."

"जावक क्रमांक?"

'जा. क्र.' छापलं होतं आणि त्याच्यापुढे पांढरं. तेव्हा कुठे मला ती ओळ आठवली.

"नाही," मी म्हटलं.

"मग अपात्र. अरे, हा तर आपलाच दाखला. आपल्या मावशीचा." त्यांनी चष्मा वर केला. "आपला असला म्हणून काय, निकष तो निकष. पण कुणाकडून राहिलं हे?"

"बघावं लागेल," मी म्हटलं.

बघायचं काय होतं? दाखल्याखाली कोपऱ्यात माझी आद्याक्षरं होती. त्यांच्यावर अंगठा ठेवून मी शेरा लिहिला: 'दाखल्यावर जावक क्रमांक आढळून येत नसल्याने अर्ज ग्राह्य धरता येत नाही.' अक्षर सुंदर आलं. माझं अक्षर नेहमीच सुंदर येतं.

संध्याकाळी घरी दूध उतू गेलं. मुलीने विचारलं, काय जळतंय? मी म्हटलं, "दूध उतू गेलेलं दिसतंय."

ती हसली. "दिसतंय काय, आई? गॅसपाशी तूच उभी होतीस की."

एरवी मीही हसले असते. त्या दिवशी ओटा पुसत राहिले, स्वच्छ झाल्यावरही.

यादी फळ्यावर लागली. मावशी बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली गेली, आपल्या नावापुढच्या शेऱ्याशी थांबली आणि माझ्या टेबलाशी आली.

"बाई, ग्राह्य म्हणजे काय हो?"

"म्हणजे... चालण्यासारखं."

"म्हणजे मी चालत नाही." तिने जग खाली ठेवला. "खाली लिहिलंय, सात दिवसांत हरकत घ्या. तुम्हीच लिहून द्या ना. तुम्हाला त्यांची भाषा येते."

त्यांची, म्हणाली. मला तिने आपल्या बाजूला धरलं होतं.

मी लिहू लागले आणि वाचूनही दाखवत होते. 'कार्यालयाकडून अनवधानाने क्रमांक नोंदवणे राहून गेल्याचे दिसून येते.'

"कार्यालय म्हणजे कोण, बाई?"

"कार्यालय म्हणजे आपण सगळेच."

"मी पण?"

"नाही गं. तू नाही."

तिने मान हलवली, सही केली आणि पाणी भरायला गेली. अजूनही कुणाला बोल लावायचं तिच्या मनात नव्हतं. मी मात्र तिच्याच सहीखाली लपून घेतलं होतं.

अधीक्षकांनी हरकत वाचून बाजूला सरकवली. "हरकतीला पुरावा काय? राहून गेलं, राहून गेलं. कुणीतरी छातीठोक लिहून द्यायला नको? निकाली काढा."

हरकत निकाली काढणं म्हणजे आणखी एक वाक्य. ते मला पाठ आहे. मी कागद पुढे ओढला, पेन उघडलं, आणि हात चालेना. ओट्यावरचं दूध आठवत होतं. शेवटी दुसरा कागद घेतला आणि टिप्पणी लिहिली.

'सदर दाखला मी तयार केला. त्यावर क्रमांक मी टाकला नाही. त्यासाठी सोडलेली ओळ दुसऱ्या दिवशी मी खुर्चीच्या पत्राला वापरली. सोबत रजिस्टरच्या पानाची प्रत.'

अधीक्षकांनी ती दोनदा वाचली.

"मॅडम, टिप्पणीत 'मी' नसतो. 'संबंधित लिपिकाकडून' करा. आणि मोकळ्या ओळींचं कशाला काढता? तो विषय वेगळा आहे."

"वेगळा नाही, साहेब."

"निवृत्तीला किती वर्षं राहिली?"

"सहा."

"मग?"

मी रजिस्टरच्या पानाची प्रत त्यांच्यापुढे सरकवली. तोंड उघडलं असतं तर त्यांचं ऐकलं असतं. त्यांनी बराच वेळ कागदाचा कोपरा मुडपला, सरळ केला आणि सही करून वर पाठवला.

पुढच्या आठवड्यात सुधारित यादी लागली. बावन्नावा अर्ज पात्र. पुढे मुलाखत आहे, ती तिची तिने द्यायची. मलाही एक कागद मिळाला, कारणे दाखवा नोटीस. तीन दिवसांत खुलासा. नोटिशीवर जावक क्रमांक होता, ठसठशीत, एकही अंक न गाळता.

मावशी पाण्याचा ग्लास घेऊन आली.

"उपकार झाले, बाई."

"उपकार कसले? चूक माझीच होती. नंबर मी टाकला नाही."

"ते ठाऊक होतं की." तिने ग्लासाखाली रद्दीचा कागद सारला, टेबलावर ओल उमटू नये म्हणून. "तुम्ही म्हणाला होता ना, उद्या आण. मी आठ दिवस दाखला पिशवीतून आणत होते. पाणी ठेवताना रोज वाटायचं, आता विचारावं. शेवटी तसाच अर्जाला जोडला."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुमची गडबड चाललेली. आणि वाटलं, मी आठवण केलेली तुम्हाला आवडायची नाही."

मला म्हणायचं होतं, छे गं, असं काय बोलतेस. पण ते आठ दिवस मला आठवत होते. ती ग्लास ठेवून टेबलाशी जरा रेंगाळायची. एकदा मी मान वर न करता म्हटलं होतं, "काय आहे? जा आता." तिला काय हवंय, हे विचारलं नव्हतं.

"खरंय," मी म्हटलं. "नसतं आवडलं."

तिने मान डोलावली आणि रिकामा जग उचलला. मी खुलाशाचा कागद पुढे घेतला. 'कारण' या शब्दापुढची जागा अजून मोकळीच होती.