मुकादम बोलले नाहीत

मुकादम गेले ते सकाळी, चहाच्या वेळेला. अण्णांनी नेहमीसारखी काकडीची चकती त्यांच्या नाकासमोर धरली, जरा हलवली, बोटानं पाठीवर टकटक केलं आणि बाल्कनीतूनच लेकीला हाक मारली, "बाळ, जरा इकडे ये. हे उठत नाहीयेत."

मुकादम म्हणजे त्यांच्या घरातलं कासव. नाव आईनं ठेवलेलं. अण्णा जन्मभर कारखान्यात लेथवर उभे राहिले. तिथला मुकादम मान पुढे काढून, तोंडातून अवाक्षर न काढता, एकेका मशीनपाशी थांबत फिरायचा. कासव घरात आलं त्या दिवशी पलंग, कपाट, शिलाई मशीन असं सगळ्यांपाशी थांबत थांबत फिरलं, तेव्हा आई म्हणाली, "घ्या, तुमचे मुकादम घरीसुद्धा आले." तेव्हापासून घरात कुणी त्यांना अरे-तुरे केलं नाही.

आई गेल्यावर अण्णा लेकीशी कामापुरतं बोलायचे आणि मुकादमांशी पोटभर. पेपरातल्या बातम्यांवरून त्यांच्याशी वादसुद्धा घालायचे. लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. संध्याकाळी दार उघडताना आतून बोलण्याचा आवाज आला की तिला बरं वाटायचं. घरात दोन माणसं आहेत असं वाटायचं.

तिनं मुकादमांना उचललं. मान बाहेर लोंबत राहिली, आत गेली नाही. तिला कळायचं ते कळलं.

"गारठ्यानं आखडले असतील," अण्णा म्हणाले. "उन्हात ठेवू."

तिनं दुकानात फोन करून रजा टाकली. बाल्कनीत सकाळचं तिरपं ऊन जेमतेम हातभर यायचं. तेवढ्यात मुकादमांना ठेवून अण्णा शेजारी बसून राहिले. ऊन सरकलं, तसं त्यांनी मुकादमांनाही सरकवलं. ऊन संपलं तेव्हा ती म्हणाली, "अण्णा, गेले ते."

"काल तर जेवले की."

"हो."

"मी काही भलतंसलतं घातलं का गं खायला?"

ती नाही म्हणाली, पण थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि जेवताना पुन्हा. शेवटी तिनं मुकादमांना टॉवेलात गुंडाळलं, बाजाराच्या पिशवीत ठेवलं आणि कशानं गेले ते विचारायला प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. अण्णा आले नाहीत. त्यांच्यानं ते बघवलं नसतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कासव उलटं केलं, पोटाकडची बाजू पाहिली, कवचाची कड अंगठ्यानं दाबली. कड किंचित दबली. "कापायची गरज नाही," त्या म्हणाल्या, "एक्स-रे काढू."

फिल्म दिव्यासमोर धरून त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवलंय?"

"मुकादम."

"ही मादी आहे. नराचं पोट खोलगट असतं, हिचं सपाट आहे. आणि ही बघा अंडी."

पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटून बसलेली अंडी. एक बाकीच्यांपेक्षा मोठं, वाटेतच आडवं अडकलेलं.

"पण घरात दुसरं कासव नाही."

"जोडीदार लागत नाही. कोंबडी घालतेच की. पण अंडी घालायला हिला माती लागते, खोल खणता येईल अशी. ती मिळाली नाही की पोटात धरून ठेवतात. ऊन कमी, खाण्यात कॅल्शियम कमी, म्हणून कवच मऊ आणि अंगात जोर नाही. हल्ली अस्वस्थ होती का? मागच्या पायांनी कुठं उकरत होती?"

लेकीला आठवलं. बाल्कनीच्या कोपऱ्यात फरशीवर कितीतरी दिवस नखं घासल्याचा आवाज येत होता. नंतर मुकादम मोठ्या कुंडीत चढू बघत होते. कुंडी उलटेल म्हणून अण्णांनी पुढे विटा लावल्या. "मुकादमांनी खोदकामाचं कंत्राट घेतलंय," असं ती म्हणाली होती आणि दोघंही खूप दिवसांनी एकत्र हसले होते.

"म्हणजे हे अचानक झालं नाही," ती म्हणाली.

"आपल्याला अचानक वाटतं. कासव दुखणं दाखवत नाही. रानात दाखवलं तर दुसरं कुणीतरी फाडून खाईल. म्हणून शेवटपर्यंत चालत राहतात, थोडंफार खातात. भूक कमी होणं, पाय ओढणं, डोळे सुजणं, नाकाशी फुगे येणं, एवढंच काय ते दिसतं. तेही लक्ष असलं तर."

"वेळेवर आणलं असतं तर?"

डॉक्टरीणबाईंनी टेबल पुसलं. "इंजेक्शनं होती. ऑपरेशन होतं. कदाचित वाचलीही असती."

घरी जाताना वाटभर ती मनाशी जुळवत होती. म्हातारपण होतं म्हणून सांगावं, वय झालं होतं म्हणावं. पण दार उघडलं तर अण्णा समोरच खुर्चीत बसलेले. त्यांनी नुसतं वर पाहिलं आणि तिला खोटं बोलता आलं नाही. तिनं सगळं सांगितलं.

अण्णांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. अडकलेल्या अंड्यावर चिमूट ठेवून माप घेतलं, जसं ते जन्मभर लोखंडाचं घ्यायचे.

"विटा मी लावल्या," ते म्हणाले.

"मीही हसले होते."

मग अण्णा फिल्मकडेच बघत म्हणाले, "तुझी आई शेवटी शेवटी जिन्यात थांबायची. मला वाटायचं, शेजारणीशी गप्पा मारतेय. मी वरून ओरडायचो, आटप म्हणून." त्यांना रडू फुटलं. आईच्या दिवसांतही लेकीनं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ती त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली आणि त्यांचा गुडघा धरून ठेवला.

संध्याकाळी इमारतीच्या मागे, भिंतीलगतच्या मोकळ्या पट्ट्यात त्यांनी खड्डा घेतला. कुदळ अण्णांनी हट्टानं स्वतःच्या हातात घेतली, पण दोन-चार घावांतच त्यांना धाप लागली आणि ते भिंतीला टेकून खाली बसले. लेक धावली.

"थांब," ते म्हणाले. त्यांनी चप्पल काढली आणि विजारीचा पाय वर ओढला. पाऊल सुजून गोल झालं होतं. त्यांनी घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला तो तसाच राहिला.

"कधीपासून आहे हे?"

"झाले बरेच दिवस."

तिला ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही. तिनं कुदळ घेतली, खड्डा पुरा केला, मुकादमांना टॉवेलासकट आत ठेवलं. अण्णांनी बसल्या जागेवरूनच मूठभर माती टाकली. "बाई होतीस," ते हळूच म्हणाले, "आणि आम्ही तुला मुकादम करून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी इस्पितळात डॉक्टरांनी अण्णांची छाती ऐकली, पाय दाबून पाहिले. हृदय थकलंय, अंगात पाणी साठतंय, औषधं आता कायमची, असं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणखी काही त्रास?"

"नाही, तसं काही नाही," अण्णा सवयीनं म्हणाले. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"आहे," ते म्हणाले. "आडवं झालं की दम लागतो. उशा वाढवून झोपतो. जेवण जात नाही."

डॉक्टर विचारत गेले, अण्णा सांगत गेले. लेक शेजारी बसून ऐकत होती. त्यातलं बरंचसं ती पहिल्यांदाच ऐकत होती.