उतरवलेल्या तारा

चुडाव्याच्या बुद्धविहारासमोर मांडव भरत आला होता आणि स्टेजच्या मागे नागेश घाईघाईने गिटारच्या तारा सैल करून सूर उतरवत होता. त्याची बायको सत्यशीला पुढे माइकवाल्याशी बोलत होती, तेवढ्यात काम उरकायचं होतं. कीबोर्डवाल्या दत्तरावने पट्टी उतरवायचं बटण दाबलं आणि काहीच न झाल्यासारखा दुसरीकडे बघू लागला.

सत्यशीलाच्या गायन पार्टीला पूर्ण्यापासून येलदरीपर्यंत मागणी. भीमगीतं काळी पाचाच्या उंच पट्टीत गाणारी बाई, असा तिचा लौकिक. पण गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज काही परत आला नाही. हे तिला सांगणार कोण? नागेशने गुपचूप पट्टी खाली आणली, आधी अर्धा सूर, मग आणखी अर्धा, काळी चारपर्यंत. बोटं जुन्याच जागी फिरत असल्यामुळे तिला पत्ता लागत नाही, अशी या भल्या माणसाची पक्की समजूत होती.

नागेश मूळचा ब्लूजवाला, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं संगीत गिटारवर वाजवणारा. रेल्वे कॉलनीतल्या एका गार्डसाहेबांनी त्याला हा नाद लावला आणि ऐन उमेदीत तो पुण्याच्या बँडमध्ये जाऊन पोचला. तार ओढून सूर असा रडवायचा, की लोक हातातला ग्लास खाली ठेवायचे. पुढे बँड फुटला. नागेश पूर्ण्याला परतला आणि बायकोच्या मागे साथीला बसला. त्याचं आपल्याला वाईट वाटत नाही, असं तो सांगायचा. वाटत होतंच.

गेल्या महिन्यात बँडचा ड्रमवाला योगीराज याचा फोन आला, सत्यशीलाच्या देखतच. जुनी मंडळी पुण्यात शेवटचं एकदा एकत्र वाजवणार होती, नेमकी आजच. पार्टीत साथीला परभणीचा दुसरा गिटारवाला मिळतही होता. पण नवा वादक बसला की आधी गायिकेलाच पट्टी विचारतो, ही रीत. सत्यशीला दिमाखात काळी पाच सांगणार आणि भर मांडवात तिचा आवाज फाटणार. नागेशने योगीराजला येत नाही म्हणून कळवलं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

आता सत्यशीला मागे आली आणि त्याच्या हाताकडे बघत उभी राहिली. नागेशचा हात थबकला.

"अजून अर्धा उतरवा," ती म्हणाली. "काळी चार बी झेपंना आता."

"तुला म्हाईत हाय?"

"माजाच आवाज मला कळंना व्हय? तुमी एवढं जपून करायलात, म्हणलं करू द्यावं."

दत्तराव हळूच उठून बाहेर गेला. सत्यशीलाने पदर खोचला.

"पन मग तुमी पुण्याला का न्हाई गेलात?"

मांडवात निवेदक तिचं नाव पुकारत होता.

"परवास झेपत न्हाई आता," नागेश म्हणाला, आणि खाली मान घालून त्याने पुन्हा पहिल्या तारेपासून सुरुवात केली.