लाडोबाचे पाहुणे

आमच्या सासूबाईंच्या घरात माशीसुद्धा पाय धुऊन शिरते, असं माझे सासरे किसनराव म्हणतात. लग्न होऊन कुरुंद्यात आले तेव्हा मला तो विनोद वाटला. दोन दिवसांत कळलं, माशीला खरंच दुसरा इलाज नाही.

माझ्या रुखवतात बायका भांडी बघायला आल्या आणि काचेची टाकी बघून गेल्या. हिंगोलीला माहेरी मी पाच वर्षं मासे पाळत होते. त्यातला लाडोबा, मुठीएवढा नारिंगी गोल्डफिश, आणि त्याची सोबतीण पिंगी, असे दोघं माझ्याबरोबर सासरी आले. सासूबाईंनी, म्हणजे द्वारकाबाईंनी, दारात मला ओवाळलं आणि त्याच निरांजनानं माशांनाही ओवाळलं. तिथंच त्या मला आवडल्या.

पंधरा दिवसांनी शेतातल्या बोअरची मोटार जळाली. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या शिलाआत्या, सासऱ्यांच्या बहीण, चहा पिता पिता म्हणाल्या, "नव्या माणसाचा पायगुण बी पाहावं लागते बाई." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. कप विसळत राहिल्या. शिलाआत्यांचं बोलणं मी विसरले असते, पण सासूबाईंचं न बोलणं सलत राहिलं.

मग माझा नवरा विश्वंभर हौसेनं वसमतहून तीन नवे मासे घेऊन आला. चौथ्या दिवशी एक मेला, आठवड्यात तिन्ही. दिवाळीत पुन्हा तीन आणले. ते तर गेलेच, जाताना पिंगीलाही घेऊन गेले. एरवी सगळं ठणठणीत, नवे आले की मरणं सुरू. कारण कुणालाच कळेना.

"पांढऱ्या पायाचे हाइत हे नवे," शिलाआत्यांनी निकाल दिला.

माशांना पाय नसतात हे त्यांना कोण सांगणार? आणि सांगून उपयोग काय, बोट टाकीकडे असलं तरी नजर माझ्याकडे होती. मी हसण्यावारी नेलं, पण खरं सांगते, मला भीती वाटायची. आता लाडोबाही गेला तर या घरात मी जन्मभर पांढऱ्या पायाचीच राहणार होते.

तिसऱ्या वेळी मासे मागवले ते सासूबाईंनीच. "एकट्यानं काहून राहावं त्येनं? भरल्या घरात बरं वाटते." तीन आले. चौथ्या दिवशी त्यातले दोन मेले आणि लाडोबा पाण्यावर तोंड काढून धापा टाकायला लागला.

मी रडकुंडीला येऊन वसमतच्या मासेवाल्या रतनसिंगला फोन लावला.

"फिल्टरचा स्पंज धुतला का, वहिनी?"

"छे, कध्धीच नाही," मी ठणकावून सांगितलं.

"एकदा उघडून तर बघा."

उघडला. महिनोन् महिने न धुतलेला स्पंज शेवाळलेला, काळपट असायला हवा. हा आत्ताच दुकानातून आणल्यासारखा पिवळाधमक होता. वास घेतला तर भांड्याच्या साबणातलं लिंबू! असं काम करणारं माणूस आमच्या घरात एकच आहे.

"आई, हा तुम्ही धुतला?"

"मंग! पाव्हणे येणार, अन् घरात एवढी घाण? दर बारीला धुते. आतले गोटे, स्पंज, समदं. गरम पाणी, साबण, चांगलं चोळून-चोळून. तू शाळेत शिकवायला गेली की करते. तुला तकलीफ नगं म्हून." चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणं होतं.

हसावं की रडावं मला कळेना. मी फोन स्पीकरवर टाकला.

"मावशी," रतनसिंग म्हणाला, "त्या घाणीत बारीक जिवाणू असतात. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं, ते हेच पचवतात. तुम्ही त्यांनाच धुऊन काढलं, आणि लगेच टाकीत मासे वाढवले."

सासूबाईंनी स्पंज हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे विरजण. म्या विरजणच धुऊन टाकून राहिले, तर दही लागन कसं?"

"बराबर, मावशी! माझ्याकडच्या जुन्या टाकीतला स्पंज देतो. लवकर न्या, तोवर निम्मं पाणी बदला."

निम्मं पाणी बदलायचं काम मला सांगून त्या स्वतःच वसमतच्या जीपमध्ये बसल्या. विश्वंभर येईपर्यंतही थांबल्या नाहीत. तीन तासांनी परतल्या तेव्हा मांडीवर त्यांचा लखलखीत स्टीलचा डबा होता, ज्याला एरवी लसणाचाही वास लागू देत नाहीत तो. आत गढूळ पाण्यात काळा, घाणेरडा स्पंज. जीपमधली माणसं म्हणे नाक दाबून विचारत होती, मावशी, डब्यात काय हाय? "विरजण," असं सांगून आल्या होत्या.

तो स्पंज फिल्टरमध्ये बसवला. रतनसिंगनं सांगितल्याप्रमाणे दोन दिवस माशांचं खाणं बंद, रोज थोडं पाणी बदलायचं. तिसऱ्या सकाळी लाडोबानं झडप घालून दाणा गिळला आणि उरलेला नवा मासा त्याच्या मागं धावला. मी सासूबाईंना मिठी मारली. त्यांनी ती मारू दिली, माझे हात ओले असूनसुद्धा!

महिन्यानं त्यांनी पुन्हा दोन मासे मागवले. या वेळी कुणी काही धुतलं नाही. सासूबाई फक्त बाहेरून काच पुसायच्या, दिवसातून वीस वेळा, आणि हात झाकणाकडे जायला लागला की तो पदरात गुंडाळून ठेवायच्या. आठ दिवस गेले, पंधरा गेले. चारही मासे मजेत.

शिलाआत्या आल्या, टाकीपुढं उभ्या राहिल्या. "ह्या बारीच्यांचा पायगुण बरा दिसते."

कप विसळणाऱ्या सासूबाई थांबल्या.

"वन्सं, पायगुण पहिल्यांचा बी बराच व्हता. ते माझ्या हातानं मेले. अन् मोटारीचं म्हणान, तर ती तुमच्या भावानं पाणी न्हाई तरी चालू ठेवली व्हती, म्हून जळाली. म्या त्याच दिवशी बोलाया पायजे व्हतं. आता या घरात नव्याच्या नावावर काई लावायचं न्हाई."

सासरे पेपरामागं गेले. शिलाआत्या चहा न मागता बसून राहिल्या. मला रडू आलं, आणि हसूही आलं, आणि सासूबाई हात पुसत माझ्याजवळ आल्या.

कप तसाच, अर्धवट विसळलेला, मोरीत राहिला. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं.