नाण्यावरचं वाकडं बोट

आमचा थोरला टांकसाळीत ठसे कोरतो. पोलादावर चित्र उलटं कोरायचं, म्हणजे नाण्यावर ते सुलटं उमटतं. उलटं कोरण्यातच त्याचे केस पिकले.

देशाचं चिन्ह म्हणजे दिवा धरलेला उजवा हात. नवी नाणी निघणार होती, तर गड्यानं माझाच हात समोर ठेवून घेतला. "अरे, एखादा देखणा हात शोध की!" मी म्हटलं. शिवणयंत्राची सुई आरपार गेली तेव्हापासून माझी तर्जनी वाकडी आहे.

"आई, गप्प बस. हलू नकोस."

आणि त्या शहाण्यानं काय केलं? दिसला तस्सा हात कोरला! छाप पाडली तर नाण्यावर डावा हात. जन्मात कधी न झालेली चूक नेमकी आईचा हात कोरताना झाली. आजवर दुसऱ्यांनी काढलेलीच चित्रं कोरत आलेल्या माझ्या लेकाचं हे पहिलं स्वतःचं चित्र. साहेब म्हणाले, "सोमवारी ठसा बरोबर हवा, नाहीतर काम दुसऱ्याला."

पोरगं जेवेना. मग मीच चिडले. कपाटावरचा आरसा बगलेत मारला आणि त्याच्यामागोमाग टांकसाळ गाठली. दारावरचा पहारेकरी हसला, "आजी, नटायला आलात?"

"हो, तुझ्या लग्नाला!"

लेकाच्या टेबलावर आरसा उभा केला, पुढे हात धरला. "आता आरशात दिसतो तसा कोर. आणि बोट तेवढं सरळ कर बाबा, देशभर माझी शोभा नको." त्यानं कागद पुढे ओढला.

सोमवारी मलाही बोलावलं. यंत्राचा असा दणका बसला की फरशी थरथरली. साहेबांनी नाणं उजेडात धरलं, मी वाकून पाहिलं. अगं बाई! अंगावर सरसरून काटा आला. एवढ्याशा धातूत नखं, शिरा, ज्योतीचं टोकसुद्धा. हात उजवाच होता. पण बोट वाकडं! मेल्यानं ऐकलं नव्हतं.

"हे बोट असं का?" साहेबांनी विचारलं.

"कागदावर सरळ काढून पाहिलं, साहेब. मग तो हात कुणाचाच वाटेना."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात पाठीमागे लपवला. ते बराच वेळ त्या नाण्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग यंत्रावरच्या माणसाकडे वळून म्हणाले, "चालू करा."

दणक्यामागून दणका बसू लागला. माझा हात खळाखळा पेटीत पडत होता, आणि मी खुळ्यासारखी उभ्या उभ्या रडत होते.