मरियाबाईंची साक्ष

पहिल्या रांगेत बसलेल्या मरियाबाईंना भीती होती, आपल्याला माइकवर बोलावतील. नगरच्या चर्चशेजारच्या त्या सभागृहात एवढी माणसं नाताळलाही जमत नाहीत. आज ती जमली होती त्यांच्या नवऱ्यासाठी. जोसेफ साळवे जाऊन वर्ष झालं होतं. पोटासाठी साखर कारखान्यात फिटर, आणि गिटारवर ब्लूज वाजवणारा अख्ख्या जिल्ह्यात एकटा. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी. जोसेफने ती रेकॉर्ड ऐकून ऐकून उचलली आणि मराठीत आणली.

दुःखाच्या गाण्यात कुणीतरी सोडून जावंच लागतं. जोसेफने नाव घातलं बायकोचं. 'गेली मरिया पहाटेच्या गाडीनं, मला नि लेकराला टाकून.' आता यात मंडळीचा तरी काय दोष? चर्चमध्ये उभं राहून माणूस 'मी' म्हणाला की ती साक्ष. आपलं पाप, आपलं दुःख, देवासमोर, खरंखुरं. जोसेफ डोळे मिटून गायला आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावले. दुसऱ्या दिवशी एकीने मरियाबाईंना नळावर गाठलं. "परत आलीस ते लई बरं केलंस बाई."

मरियाबाई गेल्या होत्या कुठे! आधी त्या हसल्या, मग चिडल्या. "लोकांना सांगा की," म्हणाल्या. जोसेफ म्हणाला, "अगं, गाण्यातला मी म्हणजे मी नव्हे. कळेल त्यांना." कळतंय कसलं! गाणं पुण्यापर्यंत गाजलं. नवऱ्याचं नाव होतंय, त्यात आपण कशाला मोडता घाला, म्हणून मरियाबाईंनी तोंड शिवून घेतलं. शहाण्या बायकासुद्धा असा गाढवपणा करतात.

माइकवर आता जोसेफचा शिष्य अनिमेष बोलत होता. पोरगा मनाचा साफ, पण बोलायला लागला की आवरत नाही. "पत्नी सोडून गेल्या, त्या जखमेतून सर घडले. पुढे सरांनी त्यांना क्षमा केली. मरियाबाई, आज तुम्हीच दोन शब्द बोला."

खरं बोलावं तर मेलेला नवरा भरल्या सभेत, चर्चच्या पाळकांच्या देखत खोटा पडतो. त्यापेक्षा आभार मानावेत आणि खाली बसावं, असं मरियाबाईंनी ठरवलं.

तेवढ्यात शेजारी बसलेली लेक, प्रार्थना, त्यांच्या कानाशी वाकली. चाळिशी ओलांडलेली बाई, पण आवाज लहान मुलीसारखा आला.

"आई, मी किती वर्षांची होते गं तेव्हा?"

"कवा?"

"तू मला टाकून गेलीस तेव्हा."

गावाला सांगितलं नाही ते नाही. पण घरातल्या पोरीला वेगळं काय सांगायचं, असं त्या धरून चालल्या होत्या. ही पोर कधी गळ्यात पडली नाही, कधी रुसली नाही. स्वभाव असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. एवढी वर्षं ही हेच मनात धरून आपल्या हातचं जेवत होती! त्यांना आता माइकची नाही, पोरीची भीती वाटू लागली.

त्या उठल्या आणि माइकपाशी गेल्या.

"मी एक दिवसबी घर सोडून गेले न्हाई," त्या म्हणाल्या. "यांचं गाणं हुतं, साक्ष नव्हती. तुमी साक्ष समजलात आन् मी गप बसले. ते पाप माझं हाय. गाणं लई चांगलं हाय, त्याला बोल लावू नका."

पाळक पायाकडे बघत राहिले. मरियाबाई जागेवर आल्या. आता पोर हात धरेल, असं त्यांना वाटलं होतं. प्रार्थनाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मग मी खिडकीत बसून वाट बघायचे ती कुणाची?" ती म्हणाली. "मला आठवतंय, आई. दिवसच्या दिवस बसायचे मी."

मरियाबाईंना वाटलं, याचं उत्तर द्यायची वेळ येऊ नये. चहा आला असता, वीज गेली असती, तरी चाललं असतं. पण पोर डोळे रोखून बघत होती.

"तुझ्या पप्पांची," त्या म्हणाल्या. "पहाटेच्या गाडीनं तेच गेले हुते."