कपाळावरची राख

शिव्या माणूस पचवतो, पण फुकटचं पुण्य पचवणं महाकठीण. खांडबाऱ्याजवळच्या मिशनात घंटा वाजवणारा आणि बैल सांभाळणारा जुझे १९३३ सालच्या त्या रविवारी, होळीला आठवडा उरला असताना, प्रार्थनेला बसून नेमकं हेच भोगत होता.

फादर इनास रंगात आले होते. ते मूळचे वसईचे. या मुलखात बत्तीस-तेहतीस वर्षं काढली तरी समोरचा माणूस होडीत बसून लांब निघालाय अशा आवाजात बोलायचे.

“बुधवारी तुमच्या सगळ्यांच्या कपाळाला राख लावली. उपासकाळ सुरू झाला म्हणून बजावलं. आज कुणाच्या कपाळावर आहे ती? एकट्या जुझेच्या! हा खाटेवर निजत नाही. आपल्या हाताने रांधून एकदाच जेवतो. राख पुसली जाईल म्हणून पठ्ठ्याने पाच दिवस अंघोळ केली नाही! शिका जरा!”

सगळ्या माना जुझेकडे वळल्या. शुक्रवारी गुपचूप कोंबडी चापलेला दोधू मास्तर खाली बघू लागला. म्हाताऱ्या फुलवंताबाईने तर पुढे सरकून जुझेच्या पायांना हात लावला. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं.

कारण हा उपास फादरांच्या देवाचा नव्हताच मुळी. ती होळीची पाळणी, म्हणजे होळीआधी पाळायचं व्रत होतं.

गोष्ट छप्पन्याच्या, म्हणजे १९०० सालच्या दुकाळातली. सातपुड्यातली एक बाई सहा वर्षांच्या जान्याला घेऊन खाली उतरली, रेल्वेच्या कामावर खडी वाहू लागली आणि तिथेच तापाने गेली. पोराला फादर इनासांनी उचललं, पेज पाजली, पाणी शिंपडून जुझे केलं, अक्षरं शिकवली. बापाने करावं ते सगळं केलं. जुझेचा त्यांच्यावर जीव होता, हे वेगळं सांगायला नको. जान्या हे नाव तो विसरूनही गेला होता.

मग गेल्या हिवाळ्यात कापूस वेचायला आलेल्या टोळीतली एक म्हातारी त्याच्या कानामागचा काळा डाग बघून जागच्या जागी बसली. ती त्याची सख्खी मावशी, नानीबाई; तेव्हा बहिणीबरोबर खडी वाहत होती, आणि पोराला पेज मिळतेय हे पाहूनच डोंगरात परतली होती. तिने सांगितलं, की जान्याच्या आईने मरता मरता नवस बोलला होता : पोरगं जगलं तर डोंगरातल्या काठी गावच्या होळीला, अंगाला राख लावून नाचतात तसा बुध्या होऊन नाचेल. पोरगं जगलं, चाळिशीला टेकलं, आणि नवस अजून तसाच पडून होता. आईचा शब्द आपल्यामुळे खोटा पडतोय, हे कळल्यावर त्याला घास गोड लागेना.

नानीबाईच्या गावचा कारभारी इंद्रसिंग मात्र खमक्या निघाला. नाच, म्हणाला, पण तिकडचा धर्म फादरांच्या तोंडावर सोडून ये. चोरून नाचलेला नवस होळीमाय धरत नाही. पाळणीचे नियम त्यानेच सांगितले : जमिनीवर निजायचं, स्वतः रांधायचं, एकदाच खायचं, अंघोळ करायची नाही. जुझे आज सांगू, उद्या सांगू करत राहिला. तेवढ्यात फादरांचा उपासकाळ आणि याची पाळणी एकाच आठवड्यात आले, आणि त्या बिचाऱ्याचा संत झाला.

प्रार्थना संपल्यावर तो फादरांच्या खोलीत गेला.

“बाबा, हाऊ उपास तुम्हना देवना नही शे.” आणि मग नानीबाई, नवस, इंद्रसिंग, सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं.

फादरांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. “पेज मी पाजली तुला. रात्र रात्र मांडीवर घेऊन बसलो. आणि जगलास कोणामुळे, तर होळीमुळे?”

“पेज तुम्हनी शे, बाबा. पन माय बी मन्हीच शे ना? तुम्हले फसाडीसन जावाना नही मी. फसाडानं तुम्ही मले शिकाडंच नही.”

फादर उठले, फडताळातून जुनं बाप्तिस्म्याचं पुस्तक काढलं आणि दोधू मास्तरला साक्षीला हाक मारली. सोडायचं तर रीतीने सोड, म्हणाले. प्रसाद मिळणार नाही, मिशनच्या दफनभूमीत जागा मिळणार नाही, हे वाचून दाखवलं आणि तीनदा विचारलं, सोडतोस? तीनही वेळा तो “हां” म्हणाला, आणि तिसऱ्यांदा रडला.

फादरांनी त्याच्या नावापुढे ओळ लिहिली आणि टाक त्याच्या हातात दिला. त्याने जन्मात पहिल्यांदा लिहिलं : जान्या. फादर वाकून बघत राहिले. “न्या जरा मोठा काढ,” एवढंच बोलले.

जान्या तीन दिवस चालत डोंगरात पोचला. आणि काठीच्या त्या होळीत तो असा नाचला, की काही विचारू नका! कमरेला सुके भोपळे, पायांत घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगभर राखेचे ठिपके. वय एकोणचाळीस, गुडघे कुरकुरत होते, पण ढोलापुढे गुडघ्यांचं कोण ऐकतो? पहाटे होळी पेटली तेव्हा नानीबाई बोळक्या तोंडाने हसत होती आणि डोळ्यांना पदर लावत होती. तेहतीस वर्षांचं ओझं उतरलं तसा जान्या पोरासारखा हलका झाला. आनंदाने त्याचा ऊर भरून आला.

तरी परतताना धाकधूक होतीच. मिशनाचं फाटक आपल्याला आता उघडेल का?

फाटक उघडंच होतं. फादरांची खाट मात्र भिंतीला उभी टेकवलेली होती आणि अंगणातल्या चुलीवर करपलेला भात धुमसत होता. शेजारी स्वतः फादर, डोळे लाल, कपाळावर बुधवारची नव्हे पण चुलीची राख.

“बघतोस काय? तुझा दाखला देऊन मी गावाला उपदेश केला. मग मलाच लाज वाटली. मऊ खाटेवर निजून कसला उपासकाळ? आपल्या हातचं खातो आता. अंघोळ मात्र करतो हं!” मग हळूच विचारलं, “फिटला नवस?”

“फिटना, बाबा.” जान्या चुलीपाशी बसला आणि जाळ कमी केला. “मावशीनी तुम्हले निरोप धाडेल शे. माय नवस बोलनी, आनि दुसरा दिन तुम्ही पेज लिसन उनात. मावशी म्हनस, होळीमायनीच तुम्हले धाडं.”

फादर इनास थक्क झाले. आपल्याला कोणी पाठवलं, याबद्दल त्यांना जन्मात कधी शंका आली नव्हती. एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा जान्याकडे, आणि मग असे खदाखदा हसले, की गोठ्यातले बैल उठून उभे राहिले. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते काही धुराचं नव्हतं.

जान्याने फडक्यातली पुरचुंडी पुढे केली. गूळ-खोबरं आणि भाजलेल्या हरभऱ्याच्या दाळ्या.

“होळीचं?”

“मावशीना घरनं.”

“माझा उपास अजून महिनाभर आहे रे,” फादर म्हणाले, आणि पुरचुंडी नीट फडताळात ठेवून आले.

ईस्टरच्या सकाळी घंटा जान्यानेच वाजवली. हाताला ढोलाची सवय लागलेली, त्यामुळे घंटा जरा होळीच्याच चालीवर वाजली. आत गेला नाही. बाहेर बैलांपाशी उभा राहिला. प्रार्थना आटोपून फादर दारात आले, झग्याच्या खिशातून पुरचुंडी काढली, अर्धं खोबरं त्याच्या हातावर ठेवलं आणि उरलेल्याने आपला उपास सोडला.